रविवारची तार

साहेब,

हे मी मराठीत लिहितो आहे. तुम्ही असतात तरी तुम्हाला ते वाचता आलं नसतं, आणि कदाचित म्हणूनच मला लिहायला जमत असेल. आपण दोघं सहा वर्षं इंग्रजीत बोललो. ते तुमचंही शाळेतलं होतं आणि माझंही. घरी तुमची बेटावरची गेलिक आणि माझी मालवणी. तुम्ही एकदा म्हणाला होतात, "इंग्रजीत प्रार्थना करायला लागलो की मला वाटतं मी मॅनेजरसमोर उभा आहे." परवा मी तुम्हाला इंग्रजीत लिहायला बसलो, तर दोन ओळींतच रजेचा अर्ज लिहिल्यासारखं वाटायला लागलं. तो कागद फाडून टाकला.

मी पुन्हा कतारमध्ये आलो आहे. नोकरीला नाही, मुलाकडे, तीन महिन्यांसाठी. तो गॅस कंपनीत इंजिनिअर आहे. अल सद्दमध्ये सहाव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे, खाली केरळी माणसाचं दुकान आहे आणि तिथे नारळ, कढीपत्ता, सुके बोंबील सगळं मिळतं. नात सात वर्षांची आहे. तिला मराठी कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. मघाशी टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, आर यू डूइंग होमवर्क?" मी हो म्हणालो. मागच्या शुक्रवारी मुलगा मला उम्म सैदला घेऊन गेला. आता पाटीवर मेसाईद लिहितात. "बाबा, इथेच होता का तुमचा कॅम्प?" असं तो दर दोन मिनिटांनी विचारत होता आणि मला काही सांगता येत नव्हतं. टाक्या आहेत, कुंपणं आहेत, रुंद रस्ते आहेत. आपली पत्र्याची वर्कशॉप नाही, माझं स्टोअर नाही, तुमच्या राहण्याच्या केबिनची रांग नाही. मी उगाच एका मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं आणि म्हणालो, "इथे असेल." तो म्हणाला, "चला मग, ऊन फार आहे."

त्या उन्हात उभं असताना मला एकच गोष्ट आठवत होती. ब्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी तुमच्या नावाची तार माझ्या हातात आली, आणि ती मी तुम्हाला सोमवारी सकाळी दिली. त्याबद्दल तुम्ही मला कधी रागावला नाहीत. तुम्हाला जाऊन तीस वर्षांवर झाली. रागावला असतात तर कदाचित हे लिहायची वेळ आली नसती.

सत्याहत्तर साली मी आलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बी. कॉम. झालेलो, कधी गावाबाहेर फारसं न राहिलेलो, आणि बोलायला एकूणच कमी. स्टोअरकीपरला तेवढं पुरतं. स्लिप घ्यायची, सामान द्यायचं, सही घ्यायची. वर्कशॉपचे फोरमन तुम्ही. तुमची मान उन्हाने विटकरी झालेली असायची, कानामागे पेन्सिलीचा तुकडा, आणि हात इतके मोठे की आमचे पाने तुमच्या हातात खेळण्यासारखे दिसायचे. पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या एका वेल्डरने मला सावध केलं. हा वेल्डर आमच्याच बाजूचा, गावी भजनीबुवा होता, इथेही सगळे त्याला बुवाच म्हणायचे. तो म्हणाला, "ह्यो गोरो येगळो हा. शुक्रवारी काम करता आणि रविवारी मरता."

मला ते नंतर कळलं. इथे सगळ्यांची सुट्टी शुक्रवारी. तुम्ही मात्र करार करतानाच लिहून घेतलं होतं की शुक्रवारी अर्धा दिवस मी काम करीन, पण रविवारी मला बोलवायचं नाही. फोरमन कामावर म्हणजे स्टोअर उघडं हवं, म्हणून माझेही शुक्रवार अर्धे गेले. माझा रविवार तर कामाचाच. मला तुमचा रागच आला होता सुरुवातीला.

आणि मग तो चौथा की पाचवा रविवार. एका पंपाचं गॅस्केट तातडीने हवं होतं, स्लिपवर तुमची सही नव्हती, आणि मॅनेजर म्हणाला, "जा, घेऊन ये." मी चालत तुमच्या केबिनपर्यंत आलो. दार उघडं होतं. तुम्ही पांढरा शर्ट आणि काळा टाय लावून खुर्चीत ताठ बसला होतात, मांडीवर एक जाड पुस्तक. त्या खोलीत दुसरं कोणीही नव्हतं. एकट्या माणसाने आपल्याच खोलीत टाय लावून बसलेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. मी स्लिप पुढे केली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी मेलंय का?" तुम्ही विचारलंत.

"नो सर."

"आग लागली आहे?"

"नो सर."

"मग उद्या."

एवढं म्हणून थांबला असतात तर चाललं असतं. पण तुम्ही उठून पायरीवर आलात आणि इतक्या मोठ्याने बोललात की केबिनची सगळी रांग ऐकत होती. रविवारी मी इथे नाही. मॅनेजरसाठी नाही, शेखसाठी नाही, तुझ्यासाठी नाही. मेसचा लाहोरी कुक हातात झारा घेऊन बाहेर येऊन बघत होता. मी स्लिप खिशात घातली आणि परत आलो. त्या रस्त्यावर सावली कुठेच नव्हती, आणि मला वाटत होतं सगळं वर्कशॉप माझ्या तोंडाकडे बघतंय.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही काउंटरवर येऊन बसलात. माफी मागितली नाहीत. तुमच्याकडे ती पद्धत नव्हती, हे मला पुढे कळलं. तुम्ही एकदम तुमच्या बेटाबद्दल बोलायला लागलात. शनिवारी संध्याकाळीच विहिरीचं पाणी भरून ठेवायचं, बटाटे सोलून ठेवायचे, दाढी करून घ्यायची. रविवारी बोट सुटत नाही, दोरीवर कपडे दिसत नाहीत, शाळेच्या पटांगणातले झोपाळे साखळीने बांधून ठेवतात, शीळ घातली तरी म्हातारी माणसं ओरडतात. तुमचे वडील शनिवारी कोंबड्याला टोपलीखाली झाकायचे, म्हणजे त्यानेही रविवार पाळावा. तुम्ही चेष्टा करत होतात की खरं सांगत होतात, ते मला कळेना. मग मी, काहीतरी बोलायचं म्हणून, आमच्या गावपळणीबद्दल सांगितलं. दर काही वर्षांनी देवाचा कौल लागला की आमचा सगळा गाव घरंदारं सोडून तीन दिवस वेशीबाहेर माळावर राहायला जातो. गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळं घेऊन. गावात कोणी राहायचं नाही.

"कोंबडेसुद्धा?" तुम्ही विचारलंत.

"कोंबडेसुद्धा, सर."

तुम्ही इतके हसलात की कानामागची पेन्सिल खाली पडली. त्या दिवसापासून मी तुमचा झालो, साहेब. मला घाबरवणारा माणूस आपल्या कोंबड्यावरून हसला, एवढंच कारण होतं.

नंतरचे शुक्रवार आठवतात ते वासाने. स्टोअरच्या मागच्या छपराखाली माझा स्टोव्ह होता. दुपारी काम संपलं की मी भात टाकायचो आणि घरून आलेला सुका बांगडा भाजायचो. बाकीचे गोरे नाकाला रुमाल लावून लांबून जायचे. तुम्ही एकदा वास काढत आलात, उकिडवे बसलात आणि म्हणालात, "हे माझ्या आईचं स्वयंपाकघर आहे." तुमच्याकडे मीठ लावलेला हेरिंग मासा बटाट्याबरोबर खातात आणि काट्याचमच्याने नाही, हाताने, हे तुम्ही करून दाखवलंत. आईबद्दल तुम्ही तेव्हाच बोलायचात, खाताना. ऐंशीच्या घरात होती. बहिणीजवळ राहायची. तिला इंग्रजी जेमतेम यायचं. तुम्ही दर शनिवारी तिला पत्र लिहायचात आणि ते सोमवारी माझ्याकडे टपालात द्यायचात. रविवार मध्ये नुसता पडून असायचा.

गाण्याचंही त्याच वर्षी झालं. गुरुवारी संध्याकाळी आमच्या मेसमध्ये दारंखिडक्या लावून भजन व्हायचं. बुवाने गावाहून पखवाज अंथरुणात गुंडाळून आणला होता. एका गुरुवारी अभंगाच्या मध्येच दार उघडलं आणि तुम्ही उभे. सगळे गप्प झाले; तक्रार आली असणार असं वाटलं. तुम्ही हाताने खूण केलीत, चालू द्या. बुवाने चाचरत पुन्हा ओळ घेतली, बाकीच्यांनी ती उचलली, आणि मी पाहिलं की तुमचे ओठ घट्ट मिटले आहेत. शेवटी तुम्ही मला म्हणालात, "आमच्या चर्चमध्ये असंच करतात. एक माणूस ओळ देतो. बाकीचे ती घेतात, प्रत्येक जण आपापल्या वळणाने. माझे वडील ओळ द्यायचे. त्यांच्यानंतर मी." मग पखवाजाकडे बोट दाखवून, "पण हे वाजवणं कशाला?"

मी मराठीत सांगितल्यावर बुवा म्हणाला, "तेका सांग, पखवाज नसलो तर आमचो देव झोपता."

"आमचा कधी झोपत नाही," म्हणालात. "तीच तर भीती आहे."

त्यानंतर तुम्ही बऱ्याच गुरुवारी यायचात, पण दारातच उभे राहायचात, चौकटीच्या आत पाय टाकायचा नाही. बुवा वैतागायचा. "सायबाक सांग, बसान आयक. दारात उभो ऱ्हवलो तर देवाक वाटात पोलीस इलो." मी हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता सांगतो.

आणि हॉकी. तुमच्या बेटावर हॉकीसारखाच एक खेळ होता, शिंटी, वाकड्या जाड काठीने खेळायचा; नव्या वर्षाच्या दिवशी अर्धा गाव विरुद्ध अर्धा गाव, समुद्रकिनाऱ्यावर, भरती येईपर्यंत. कॅम्पमध्ये हॉकीची टूर्नामेंट व्हायची, तेव्हा वर्कशॉपच्या टीमला शिकवायचं तुम्ही अंगावर घेतलंत. काठ्या तुम्ही स्वतः सियालकोटहून मागवल्या होत्या आणि त्या माझ्या स्टोअरमध्ये कुलपात असायच्या. तुम्ही आमच्या पोरांना खांद्यावरून काठी फिरवायला शिकवायचात आणि अंपायर दर वेळी शिट्टी मारायचा. तरी एकोणऐंशी साली आपण फायनलला पोचलो. समोर पॉवर स्टेशन. आणि फायनल ठरली ईदच्या सुट्टीत, रविवारी.

तुम्ही तक्रार केली नाहीत. शनिवारी स्टोअरमध्ये येऊन एवढंच म्हणालात, "मी येणार नाही. काठ्या माझ्या आहेत. त्याही येणार नाहीत." किल्ली मागून घेतली नाहीत. माझ्याकडेच राहू दिलीत.

रविवारी दुपारी सगळी टीम माझ्या दारात. "अरे स्टोअर, चावी दी! आज ईद हा, तुझ्या सायबाचो रविवार गेलो खड्ड्यात!" पंजाबी ड्रायव्हर माझ्या खांद्यावर हात टाकून गोड बोलत होता, "दे दे यार पंडत, गोरे को कौन बताएगा?" मी म्हणालो, त्यांनी विचारलं तर मीच सांगेन. मग बुवा भडकला. "मेल्या, तू खंयचो? आमचो काय तेंचो?" मी किल्ली दिली नाही. ते मागून आणलेल्या सहा-सात काठ्यांनी खेळले आणि चार गोलांनी हरले. आठ-दहा दिवस मेसमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. त्यानंतर माझं नावच पडलं, गोऱ्याचो भट. मी कतार सोडेपर्यंत तेच राहिलं.

तुम्ही सोमवारी विचारलंत, "कोण जिंकलं?" मी सांगितलं. तुम्ही मान हलवून आत गेलात. शुक्रवारी तुम्ही काउंटरवर एक वाकडी काठी आणून ठेवलीत. पॅकिंगच्या पेटीतली अ‍ॅश लाकडाची फळी वाफेवर वाकवून, तासून, तेल पाजून केलेली. ती तुम्ही दोन महिने स्वतःसाठी करताय असं मला वाटत होतं. "ही तुझी," तुम्ही म्हणालात. "तू दिवस राखलास." मला कोणी असं कधी काही म्हटलं नव्हतं. घरी वडील मोजकंच बोलायचे, आणि तेही चुकलं तर. ती काठी अजून गावच्या घरी माझ्या कपाटावर आहे. मी तिने एकदाही चेंडू मारलेला नाही.

आता ती तार.

त्या रविवारी साडेदहाच्या सुमारास दोह्याच्या ऑफिसचा ड्रायव्हर सामानाबरोबर एक पाकीट घेऊन आला. पाकीट बंद होतं. वर तुमचं नाव. मी सही करून घेतलं. स्टोअर पाच मिनिटं बंद करून मी तुमच्या केबिनपर्यंत आलो होतो, हे तुम्हाला माहीत नाही. दार लावलेलं होतं. आतून तुमचं गाणं ऐकू येत होतं. तुम्ही ओळ दिलीत आणि थांबलात. मग तीच ओळ लांबवून, वळवून तुम्हीच घेतलीत. मग पुढची दिलीत. ज्या चर्चमध्ये शंभर माणसं ती ओळ घेत असतील, तिथली सगळी माणसं तुम्ही एकटेच झाला होतात. मी हात वर केला होता दारावर वाजवायला. तुम्ही ओळ संपवाल तेव्हा वाजवू असं ठरवलं. ती संपली की लगेच दुसरी सुरू व्हायची. मी बराच वेळ उभा होतो. मग पायरी उतरून परत आलो आणि पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवलं. दिवसभरात दोन-तीनदा ड्रॉवर उघडून ते आहे ना एवढं पाहिलं.

सोमवारी साडेसहाला तुम्ही आलात. मी पाकीट दिलं. तुम्ही उभ्याउभ्याच फोडलंत. कागदावर वेळ छापलेली होती, ती तुम्ही वाचलीत, कारण तुमची नजर तिथे थांबली. मग तुम्ही कागदाची घडी घातलीत, आणखी एक घडी घातलीत, शर्टाच्या खिशात ठेवलीत. "माझी आई जाते आहे," तुम्ही म्हणालात. "मला बोलावलंय." आणि मग माझ्याकडे पाहून एकच प्रश्न विचारलात.

"यात काय आहे ते तुला माहीत होतं?"

"नो सर. पाकीट बंद होतं."

"मग तू बरोबर केलंस."

त्या रात्रीच्या विमानात तुम्हाला जागा मिळाली. लंडन, मग पुढचं विमान, मग गाडी, मग बोट. तुम्ही बुधवारी दुपारी घरी पोचलात. ती मंगळवारी संध्याकाळी गेली होती. रविवारी रात्री निघाला असतात तर मंगळवारी दुपारी पोचला असतात. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी ट्रॅव्हल डेस्कवरच्या माणसाकडून वेळापत्रक मागून घेतलं होतं आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मांडून पाहिलं होतं. बोटीची वेळ चुकीची असेल असं वाटून दोनदा.

तीन आठवड्यांनी तुम्ही परत आलात. बहिणीने तुमच्याबरोबर मीठ लावलेले मासे दिले होते, वर्तमानपत्राच्या चार थरांत गुंडाळून. शुक्रवारी आपण ते बटाट्यांबरोबर उकडले. तुम्ही फारसं खाल्लं नाहीत. म्हणालात, ती मंगळवारी दुपारपर्यंत शुद्धीवर होती. रोज संध्याकाळी तुमच्या घरी पुस्तक काढून एक स्तोत्र म्हणायची रीत होती, आणि घरातल्या मोठ्या मुलाने ओळ द्यायची. सोमवारी संध्याकाळी आई ओळ घ्यायला तयार होईना. म्हणाली, तो येतोय, तो देईल. मंगळवारी दुपारीही तेच म्हणत होती. शेवटी संध्याकाळी शेजारच्या म्हाताऱ्याने ओळ दिली, आणि तेव्हा तिला ती ऐकू गेली की नाही, हे बहिणीला सांगता आलं नाही.

मी ताटातले काटे बाजूला करत होतो. विचारू नये ते मी विचारलं. "सर, तार रविवारी मिळाली असती तर तुम्ही निघाला असतात? रविवारी?"

तुम्ही लगेच उत्तर दिलंत, म्हणजे तुम्ही त्याचा विचार आधीच केलेला होता. "मेंढी खड्ड्यात पडली तर रविवारीही काढतात," तुम्ही म्हणालात. "दया आणि गरज, यांना रविवार नाही. हे आमच्याकडे लहान पोराला माहीत असतं." मग हातातला बटाटा ताटात ठेवून, "मी तुला बाकीचं सगळं सांगितलं. कोंबड्याचंही सांगितलं. हे तेवढं सांगितलं नाही. तू बंद पाकीट बंद ठेवलंस. चूक माझी आहे."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. तुम्ही माझ्यासमोर दोन हातांवर बसला होतात, मध्ये मासे होते, स्टोव्ह अजून गरम होता. मी म्हणालो, "नो सर." तुम्हाला वाटलं असेल मी तुमची समजूत काढतोय. तुम्ही माझ्या खांद्यावर तो मोठा हात ठेवलात आणि उठून नळावर हात धुवायला गेलात.

त्यानंतर तुम्ही गुरुवारी भजनाच्या दारात उभे राहिला नाहीत. बुवाने एकदा विचारलं, "सायब येणा नाय तो?" मी म्हणालो कामं आहेत. रविवारी तुमच्या केबिनवरून मी मुद्दाम दोन-तीनदा गेलो. दार लावलेलं असायचं, पण आवाज नसायचा. पुढच्या वर्षी तुम्ही कायमचे घरी गेलात. नव्या वर्षाला तुमचं एक कार्ड यायचं, माझं एक जायचं. अठ्ठ्याऐंशी साली कार्डाऐवजी तुमच्या बहिणीचं पत्र आलं. तुम्ही गेलात, आईशेजारी जागा मिळाली, असं लिहिलं होतं. आणि खाली तिने लिहिलं होतं, "पाद्र्यापेक्षाही कडक रविवार पाळणारा एक हिंदू मला वाळवंटात भेटला होता, असं माझा भाऊ सगळ्यांना सांगायचा. तो तुम्हीच असाल असं समजून लिहिते आहे." त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं असं बायकोला सांगितलं. ते माझ्याकडे आहे.

पाकीट बंद होतं, हे खरं आहे. पण त्या रविवारी ड्रायव्हर निघण्याआधीच दोह्याच्या ऑफिसमधून मला फोन आला होता. टपालाचं काम बघणारा नाशिककडचा क्लार्क होता, तुम्ही त्याला पाहिलं नसेल. तारघराने आधी मजकूर त्याला फोनवर वाचून दाखवला होता. तो मला म्हणाला, "अहो, तुमच्या फोरमनची आई सीरियस आहे. ताबडतोब ये म्हणून तार आहे. पाकीट पाठवतोय, लगेच द्या."

तुमच्या दारावरून पाकीट घेऊन परतताना मी तुमचाच प्रश्न स्वतःला विचारला. कोणी मेलंय का? नाही. मग उद्या.

घाबरलो होतो, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पायरीवरच्या त्या पहिल्या रविवारची भीती थोडी असेलही. पण साहेब, त्या दिवशी पाकीट ड्रॉवरमध्ये ठेवताना मला भीती वाटत नव्हती. मला बरं वाटत होतं. मला वाटत होतं, सोमवारी तुम्ही पुन्हा म्हणाल, तू दिवस राखलास.

हे कुठे पाठवायचं नाही. नात पुन्हा आली आहे, होमवर्क झाला का विचारते आहे. आज रविवारच आहे. मी विसरलो होतो.